चैतन्य ताम्हाणे, व्हेनिस आणि ४०० रुपयांचा पास: एका फिल्म क्लबचा रिव्ह्यू

हा रिव्ह्यू पुण्यातल्या एका छोट्या फिल्म क्लबच्या वीकेंड प्रोग्रॅमचा आहे. क्लबचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण चार-पाच पोरं-पोरी नोकऱ्या सांभाळून हौसेने हे सगळं करतात आणि खाली मी त्यांची थोडी हजेरी पण घेतलीये, ज्यांना माहितीये त्यांना कोथरूड आणि लिफ्ट नसलेला दुसरा मजला म्हटलं की कळेलच. विषय होता दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे आणि इटलीतला व्हेनिस फिल्म फेस्टिव्हल. शनिवारी संध्याकाळी 'कोर्ट', रविवारी 'द डिसायपल', दोन्ही दिवशी सिनेमानंतर गप्पा, मधे चहा-खारी, आणि दोन दिवसांचा मिळून पास ४०० रुपये. एवढ्यात मल्टिप्लेक्सला पॉपकॉर्न घ्यायचं म्हटलं तरी विचार करावा लागतो त्यामुळे पैशाच्या नावाने काही बोलायचं नाही.

ज्यांना एवढं लांबलचक वाचायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगून टाकते. सिनेमांची निवड आणि क्रम पैकीच्या पैकी, आवाज सरळ नापास, हँडआउट काठावर पास, शनिवारच्या गप्पा कंटाळवाण्या, रविवारच्या गप्पा एक नंबर. परत असा प्रोग्रॅम केला तर जाणार का, तर हो जाणार, पण कुठे बसायचं ते आता माहितीये.

आता सविस्तर.

आयडियाच मुळात भारी होती. एरवी फिल्म क्लबवाले काय करतात, एखाद्या दिग्दर्शकाचे चार सिनेमे घेतात नाहीतर एखाद्या देशाचे घेतात, फ्रेंच वीक, इराणी वीक वगैरे. इथे त्यांनी एक माणूस आणि एक फेस्टिव्हल अशी जोडी घेतली, की बाबा या दोघांचं नातं नक्की काय आहे. ताम्हाणेचे फीचर सिनेमे मोजून दोन, दोन्ही पहिल्यांदा दाखवले गेले ते व्हेनिसलाच, एक २०१४ ला आणि एक २०२० ला, आणि दोन्ही वेळा गडी रिकाम्या हाताने परत आला नाही. मुंबईत वाढलेला, मिठीबाई कॉलेजचा मुलगा, पहिल्या वेळी वय २७. मराठी सिनेमाच्या बाबतीत आपण 'सातासमुद्रापार झेंडा' वगैरे हेडलाइन वाचतो, दोन दिवस छाती फुगवतो आणि विसरून जातो, त्यामुळे कुणीतरी या प्रकाराकडे नीट बसून बघायचं ठरवलं याचंच मला कौतुक वाटलं.

पण मग हातात हँडआउट पडलं. दोन पानी झेरॉक्स, स्टेपल केलेलं, आणि पहिल्याच पानावर बोल्डमध्ये 'व्हेनिसला पोचलेला पहिला मराठी सिनेमा: कोर्ट'. अरे देवा. तुम्ही पुण्यात बसलायत रे! इथून रिक्षाने गेलं तर मीटर पडेपर्यंत जो कॅम्पस येतो, जिथे आज एफटीआयआय म्हणजे सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तिथे प्रभात स्टुडिओ होता आणि तिथे दामले-फत्तेलालांनी १९३६ ला 'संत तुकाराम' केला आणि १९३७ ला तो व्हेनिसला दाखवला गेला, तिथे त्याची खास दखल घेतली गेली, आणि हे काही कुठल्या तळघरातलं गुपित नाहीये, शाळेतल्या जनरल नॉलेजच्या पुस्तकात असायचं. व्हेनिसचा फेस्टिव्हल सुरू झाला १९३२ ला, जगातला सगळ्यात जुना, म्हणजे तो अजून पाच वर्षांचं पोर होता तेव्हा तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस तिथल्या पडद्यावर अभंग गाऊन आलेले आहेत. आणि हाच सिनेमा मुंबईत एका थिएटरला वर्षभराहून जास्त चालला होता. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे परत लागणारे, कारण व्हेनिसलाही नाव आणि घरीही हाऊसफुल्ल हे त्या एका सिनेमाला जमलं, नंतर फार कुणाला जमलेलं नाही.

मी तिथेच एका आयोजकाला हळूच सांगितलं, त्याने जीभ चावली आणि रविवारच्या झेरॉक्सवर पेनने दुरुस्ती करून आणली, प्रत्येक कॉपीवर हाताने. एवढं कोण करतं आजकाल, म्हणून काठावर पास.

शनिवारची प्रस्तावना मात्र सहन झाली नाही. निवेदन करणाऱ्या मुलाने अवॉर्ड्सची यादी वाचायला घेतली ती संपेचना. व्हेनिसला ओरिझ्झोंती विभागात बेस्ट फिल्म, शिवाय पदार्पणाच्या सिनेमासाठीचा 'लायन ऑफ द फ्युचर', मग राष्ट्रीय पुरस्कारात सुवर्णकमळ, मग भारताची ऑस्करची एन्ट्री, मग हे फेस्टिव्हल मग ते फेस्टिव्हल, जसं लग्नात अहेर कुणाकडून काय आला ते माइकवर वाचतात तसं. आणि या सगळ्यात मूळ गोष्ट राहूनच गेली, की ओरिझ्झोंती म्हणजे काय आणि त्यात निवड होणं म्हणजे नक्की काय घडणं.

तर मी सांगते. व्हेनिसला मुख्य स्पर्धा असते, तिथे गोल्डन लायन मिळतो, तिथे मोठी नावं असतात. ओरिझ्झोंती हा त्याच्या शेजारचा स्पर्धा विभाग, नवीन वाटा शोधणाऱ्या सिनेमांसाठीचा, साधारण २००४ पासूनचा. तिथे जाताना तुमचं नाव कुणाला माहिती असायची गरज नसते. आणि 'लायन ऑफ द फ्युचर' हा सगळ्या विभागांतल्या पहिल्या सिनेमांमधून एकाला देतात, त्याबरोबर १,००,००० डॉलर असतात, दिग्दर्शक आणि निर्माता यांच्यात वाटून. 'कोर्ट'चा निर्माता विवेक गोम्बर, जो सिनेमात वकील विनय व्होराचं काम करतो, ताम्हाणेच्या नाटकात आधी त्याने काम केलेलं, तिथून ओळख, आणि स्क्रिप्ट लिहून होईपर्यंत ताम्हाणेला दरमहा घरखर्चाला पैसे देणारा पण तोच. म्हणजे निर्माता सापडला नाही म्हणून मित्रच निर्माता झाला. रॉटरडॅम फेस्टिव्हलच्या ह्यूबर्ट बाल्स फंडाने पण स्क्रिप्टच्या टप्प्यावर मदत केली होती. हे सगळं त्या अवॉर्डच्या यादीपेक्षा शंभरपट इंटरेस्टिंग आहे, आणि नातं म्हणजे काय ते इथे दिसतं, की ज्या सिनेमात एक पण स्टार नाही, अर्धे लोक आयुष्यात पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर उभे, भाषा मराठी-हिंदी-गुजराती-इंग्रजी अशी भेळ, त्या सिनेमाला कुणीतरी परक्या गावात दार उघडलं.

'कोर्ट' मी आधी लॅपटॉपवर बघितला होता, मोठ्या पडद्यावर पहिल्यांदाच. प्रोजेक्टर चांगला आहे त्यांचा, हे मान्य केलंच पाहिजे, काळोख काळोखासारखा दिसतो, पिवळट नाही. आणि या सिनेमाला पडदा मोठाच लागतो कारण कॅमेरा बहुतेक वेळा लांब उभा राहून बघत असतो, कोपऱ्यात कोण काय करतंय ते तुम्ही शोधायचं. लोकशाहीर नारायण कांबळेवर केस काय, तर त्याचं गाणं ऐकून एका गटार साफ करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली. वीरा साथीदारांनी तो शाहीर असा केलाय की अभिनय म्हणावं का नाही असा प्रश्न पडतो. गाणी संभाजी भगतांची, पहिल्या दोन ओळीतच हॉलमधली चुळबुळ बंद.

पण मला या वेळी खरं पकडलं ते सरकारी वकील नूतनने. गीतांजली कुलकर्णी. कोर्टात ती कायद्याचं इंग्रजी असं एकसुरात वाचत जाते, श्वास न घेता, जसं कुणी विष्णुसहस्रनाम उरकतंय, आणि मग कॅमेरा तिच्याबरोबर बाहेर पडतो, लोकलमध्ये शेजारणीशी साडीवरून गप्पा, मुलाला घेऊन घर, घरी गेल्या गेल्या स्वयंपाक, रविवारी सगळे मिळून मराठी नाटकाला आणि नाटकात परप्रांतीयांवरचे विनोद आणि प्रेक्षक खदाखदा हसतायत. आमच्या हॉलमध्ये त्या जागी आधी दोन-तीन जण हसले, त्या नाटकातल्या प्रेक्षकांबरोबरच, आणि मग एकदम गप्प झाले. हे लॅपटॉपवर होत नाही. त्या दोन सेकंदांसाठी माझे ४०० वसूल. ती बाई वाईट नाहीये हो, तुमच्या माझ्या सोसायटीत राहते ती, भाजीवाल्याकडे भेटते, आणि तीच माणसाला वर्षानुवर्षं आत डांबायची मागणी करून पाच तेहतीसची लोकल पकडायला जाते.

आता शनिवारचा गोंधळ सांगते. ज्यांनी बघितलाय त्यांना आठवत असेल, शेवटाकडे कोर्टाला सुट्टी लागते, लोक उठून जातात, शिपाई एकेक दिवे बंद करतो आणि पडदा पूर्ण काळा होतो. तो काळोख चांगला लांब आहे, मुद्दाम तसा ठेवलाय. आणि आमच्या स्वयंसेवक मुलीला वाटलं संपला सिनेमा, तिने हॉलचे ट्यूबलाइट फटाफट लावले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, एक काका उठून चपला शोधायला लागले, आणि पडद्यावर न्यायाधीश महाशय कुटुंबासह बसमधून रिसॉर्टला निघाले! परत दिवे बंद, परत बसाबशी, शुक शुक, खुर्च्यांचा आवाज. आणि ते रिसॉर्टचं प्रकरण म्हणजे सिनेमाचा कळस आहे, दिवसभर कायद्याची कलमं बोलणारा माणूस तिथे नातेवाइकाला पोराच्या बोलण्याच्या अडचणीवर खडा घालायला सांगतो. अर्धा भाग लोकांच्या डोक्यावरून आणि पिशव्यांवरून बघितला आम्ही. पोरांनो, सिनेमा लावायच्या आधी एकदा तुम्ही तो शेवटपर्यंत बघत जा, एवढंच मागणं आहे.

(तसं म्हटलं तर दिग्दर्शकाला हवं होतं तेच झालं, त्याने सगळ्यांना फसवायलाच तो काळोख ठेवलाय. पण तरी.)

शनिवारच्या गप्पांबद्दल काय लिहू. 'परदेशी ज्युरीला गरिबी दाखवली की अवॉर्ड मिळतं' हे वाक्य आलंच, दर वेळी येतं, कुणीतरी ते घरून घेऊनच येतं. मला या युक्तिवादाचा खरंच वैताग आहे. 'कोर्ट'मध्ये गरिबी किती मिनिटं आहे ते मोजा, आणि कोर्टातला कारकून, तारखा, स्लीव्हलेस घालून आली म्हणून बाईची केस ऐकायला नकार, हे किती मिनिटं आहे ते मोजा. ही गरिबी नाहीये, हे आपल्या मध्यमवर्गाचं एक्स-रे पिक्चर आहे, आणि त्या वर्षी ओरिझ्झोंतीच्या ज्युरीची अध्यक्ष होती हाँगकाँगची अ‍ॅन हुई, जिने स्वतः आयुष्यभर साध्या माणसांचे सिनेमे केलेत, तिला 'भारतातली गरिबी' दाखवून कोण गंडवणार? पण निवेदकाने मुद्दा पुढे नेलाच नाही, सगळ्यांचं 'आपापलं मत' म्हणून सोडून दिलं. चहा मात्र फक्कड होता, आलं घातलेला, आणि खारी ताजी.

मधली सहा वर्षं. हा भाग क्लबने रविवारी सिनेमाआधी घेतला आणि इथे मात्र त्यांनी जीव ओतला होता, निवेदन करायला दुसरी मुलगी होती, हातात कागद नाही, सगळं तोंडपाठ. 'कोर्ट'नंतर ताम्हाणेला कुठेही जाता आलं असतं, त्याने काय केलं तर २०१६-१७ ला रोलेक्स या घड्याळ कंपनीच्या मेंटॉर म्हणजे गुरू-शिष्य योजनेत मेक्सिकन दिग्दर्शक आल्फोन्सो क्वारोनचा शिष्य म्हणून गेला, क्वारोन तेव्हा मेक्सिकोत 'रोमा' करत होता, त्याच्या सेटवर हा बसून बघायचा. 'रोमा'ला २०१८ चा गोल्डन लायन मिळाला, कुठे, तर व्हेनिसलाच. आणि मग त्या मुलीने एक धागा असा काढला की मी खुर्चीत सरळ झाले. २००१ साली व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत मीरा नायरच्या 'मॉन्सून वेडिंग'ला गोल्डन लायन मिळाला, आणि त्याच वर्षी त्याच स्पर्धेत पटकथेचं बक्षीस मिळालं होतं क्वारोन आणि त्याच्या भावाला. त्यानंतर मुख्य स्पर्धेत भारतीय सिनेमाच नाही, थेट २०२० ला 'द डिसायपल' पोचला, एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसर क्वारोन, आणि ताम्हाणेला बक्षीस कशाचं मिळालं तर पटकथेचं. गुरूला १९ वर्षांपूर्वी जे मिळालं तेच शिष्याला, व्हेनिसच्या त्याच बेटावर, आणि सिनेमाचं नाव पण 'डिसायपल'. हे कुणी स्क्रिप्टमध्ये लिहिलं असतं तर म्हटलं असतं जरा जास्तच होतंय.

त्यात समीक्षकांचं फिप्रेसी पण मिळालं होतं त्याला, पण मला ते पटकथेचंच जास्त आवडतं.

२०२० चं व्हेनिस म्हणजे कोविडमधलं व्हेनिस. फ्रान्समधला कानचा फेस्टिव्हल त्या वर्षी नेहमीसारखा होऊच शकला नाही, आणि व्हेनिसने सप्टेंबरमध्ये २ ते १२ तारखेला तो प्रत्यक्ष थिएटरात करून दाखवला, मास्क, ताप मोजणं, एक खुर्ची सोडून बसणं, आणि गर्दी होऊ नये म्हणून रेड कार्पेटला चक्क भिंत बांधलेली. ज्युरीची अध्यक्ष केट ब्लँचेट. अल्बेर्तो बारबेरा तेव्हाही फेस्टिव्हलचा डायरेक्टर आणि २०१४ लाही तोच होता, म्हणजे ज्याने पहिल्यांदा छोट्या विभागात घेतलं त्यानेच सहा वर्षांनी मोठ्या स्पर्धेत घेतलं. माझ्या मते सगळ्या नात्याची मेख इथे आहे. पुतळ्यापेक्षा, डॉलरपेक्षा, फेस्टिव्हलने त्याला वेळ दिला. मधे तीन-चार सिनेमे उरकायची गरज पडली नाही, बॉलिवूडमध्ये एखादा हिरो घेऊन 'मोठं' व्हायची गरज पडली नाही. सहा वर्षं एक माणूस शास्त्रीय संगीतावर वाचत, ऐकत, मैफिलींना जात बसू शकला कारण दुसऱ्या टोकाला कुणीतरी वाट बघणारं होतं. आपल्याकडे सहा वर्षं सिनेमा नाही केला तर लोक विचारतात, काय, सोडलं का?

आणि नेमका 'द डिसायपल' हा वाट बघण्यावरचाच सिनेमा आहे, रियाज करत राहायचं, एक दिवस सूर लागेल. गाणं शिकणारा शरद नेरूळकर, अलवर घराणं, गुरुजींचे पाय चेपणं, औषधपाणी, रात्री मोकळ्या रस्त्यावरून संथ गतीत जाणारी मोटरसायकल आणि कानात गुरुजींच्या गुरू असलेल्या माईंची व्याख्यानं, ज्यांची रेकॉर्डिंग कुणालाच द्यायची नसतात. आदित्य मोडक खरा गायक, गुरुजी झालेले अरुण द्रविड खरे जयपूर घराण्याचे गायक, माईंचा आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भाव्यांचा. तो आवाज एवढा शांत आणि एवढा निष्ठुर आहे. नि इथेच क्लब पार झोपला.

कारण आवाज! मोटरसायकलच्या त्या सगळ्या सीनमध्ये मागे तानपुरा आहे, खालच्या पट्टीत, तो पोटात जाणवायला पाहिजे, आणि यांच्या स्पीकरला खर्ज नावाचा प्रकारच नाही. भाषणासाठी आणलेले, स्टँडवरचे दोन डबे. बंदिश ऐकू येते, तबला टिकटिक येतो, तानपुरा गायब. उजवीकडच्या स्पीकरमधून मधेच खर्र पण येत होतं, आणि मी दुर्दैवाने उजवीकडेच. 'कोर्ट'ला हे खपलं, तिथे बोलणं कळलं की झालं. पण ज्या सिनेमात हिरो स्वतःचा सूर अर्ध्या श्रुतीने हलतोय म्हणून आतून कुरतडला जातोय तो सिनेमा असा ऐकवायचा म्हणजे डोळ्याला पट्टी बांधून रांगोळी प्रदर्शन. ४०० चा पास ५०० करा पण भाड्याने एक बरा सेट आणा. मागच्या रांगेत एक बाई होत्या, गाणं शिकवतात म्हणे, त्या मध्यंतरात तरातरा जाऊन आयोजकांना बोलून आल्या, त्यानंतर निदान खर्र थांबलं.

तरी सिनेमा पोचला. मध्यंतर त्यांनी जिथे केलं तिथून पुढे कथा काही वर्षं उडी मारते आणि शरद एकदम अंगाने सुटलेला, थकलेला दिसतो, त्यामुळे चहा पिऊन परत आलो तर जणू आमच्यादेखत त्याचं वय वाढलं. मग तो समीक्षकाबरोबरचा सीन, जिथे समोरचा माणूस शांतपणे, गोड आवाजात एकेका दैवताचे कपडे उतरवत जातो, माई कशी होती, गुरुजी कसे होते, आणि शरदचा चेहरा बघत राहायचा, शेवटी हातातला ग्लास त्याच्या तोंडावर. हॉलमध्ये टाचणी पडली असती तर ऐकू आली असती, त्या डब्या स्पीकरवर सुद्धा.

रविवारच्या गप्पा तासभर चालल्या आणि कुणी उठेना. गाणं शिकवणाऱ्या त्या बाई म्हणाल्या की त्यांना शरदचा राग येतो, कारण त्याला गाण्यापेक्षा गवई होण्याची हौस जास्त आहे, आणि हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं, मी दोन्ही वेळा त्याच्या बाजूने रडले होते. एक कॉलेजचा मुलगा म्हणाला की शरद हरला कारण त्याला व्हेनिससारखं कुणी भेटलं नाही. लोक हसले, पण मला तो प्रोग्रॅममधला सगळ्यात नेमका शेरा वाटला, दिग्दर्शकाला जे मिळालं ते नसलेल्या माणसाचाच सिनेमा त्याने केला.

मग विषय निघाला तो अपेक्षित होता, की एवढं होऊन आपल्याकडे बघितला किती जणांनी. 'कोर्ट' एप्रिल २०१५ ला इथल्या थिएटरला लागला, कौतुक झालं, पण 'संत तुकाराम'सारखी वर्षभर रांग काही लागली नाही. 'द डिसायपल' तर थेट नेटफ्लिक्सवर ३० एप्रिल २०२१ ला आला, ऐन दुसऱ्या लाटेत, लोक ऑक्सिजन सिलिंडर शोधत होते. त्याच एप्रिलमध्ये वीरा साथीदार कोविडने गेले आणि सुमित्रा भावे पण गेल्या. दोन सिनेमांचे दोन आत्मे म्हणावेत असे आवाज, एकाच महिन्यात. हे त्या मुलीने सांगितलं तेव्हा बऱ्याच जणांना माहिती नव्हतं.

माझं मत विचाराल तर व्हेनिसने इथला प्रेक्षक आणून दिला नाही आणि ते त्यांचं कामच नाही, ते आपलं काम आहे. परदेशी शिक्क्याने तिकीट खपत नाही, उलट काही लोक 'फेस्टिव्हलवाला आहे म्हणजे स्लो असणार' म्हणून टाळतात. आणि असं नातं एकट्या ताम्हाणेचंच आहे असंही नाही. एफटीआयआयच्या दिग्दर्शिका पायल कपाडियाचं कान फेस्टिव्हलशी बघा, विद्यार्थी असताना २०१७ ला शॉर्टफिल्म तिथे, २०२१ ला डॉक्युमेंटरी, २०२४ ला थेट ग्रां प्री, म्हणजे तिथलं दुसऱ्या क्रमांकाचं बक्षीस, आणि पुढच्या वर्षी ज्युरीत. आपण मात्र शेवटच्या पायरीची बातमी वाचतो आणि म्हणतो अचानक कुठून आली ही. क्लबवाल्यांना मी सांगून आलेय की पुढचा प्रोग्रॅम पायल आणि कान असा करा, तिच्या २०२४ च्या सिनेमात मराठी-मल्याळम-हिंदी मुंबई आहे, पुण्यात चालेल. बघू म्हणाले.

बाकी व्यावहारिक माहिती. पास आधी ऑनलाइन घ्या, दारावर रविवारी शिल्लक नव्हते. खुर्च्या प्लास्टिकच्या, पाठ दुखणाऱ्यांनी उशी न्या, लाजू नका, बरेच जण आणतात. ज्येष्ठ मंडळींना जिना त्रासाचा आहे, लिफ्ट नाही, एका आजींना दोघांनी धरून वर आणलं, त्याबद्दल पोरांना शाबासकी. सबटायटल्स इंग्रजी असतात, 'कोर्ट'मधल्या गुजरातीसाठी उपयोगी पडतात. टॉयलेट एकच, मध्यंतर व्हायच्या दोन मिनिटं आधी उठा. टू-व्हीलर गल्लीत लागते, फोर-व्हीलरचा विचारही करू नका. आणि आवाजाचं काही करेपर्यंत डावीकडे, तिसऱ्या रांगेत बसा, पंख्याखाली नको, पंखा पण आवाज करतो. पाचपैकी साडेतीन स्टार, स्पीकर बदलले की साडेचार देईन.